नकाशाला पडलेली भोकं

लंडनहून परतल्यावर आमच्या नागपूरच्या कॉलनीच्या बगीच्यात बाबांची चांगलीच चलती होती. एप्रिल सरत आलेला, संध्याकाळचे सात वाजले तरी सिमेंटचा बाक खालून पोळतोय, आणि त्यावर निवृत्त मंडळी बाबांना घेरून बसलेली. मी त्यांना जेवायला बोलवायला गेले तर विषय चर्चिलच्या तळघराचा चाललेला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश मंत्रिमंडळ जिथे बसायचं त्या 'चर्चिल वॉर रूम्स' म्युझियमचा. "एवढं मोठं म्युझियम," बाबा सांगत होते, "तिकीट म्हणाल तर आपल्या महिन्याच्या किराण्याएवढं. पण सांगणारा एक माणूस नाही बाप्पा! ज्याच्या त्याच्या कानात यंत्र. लोक मुक्यानं फिरून राहिले." कोणीतरी विचारलं, "म्हणजे तुम्हाला काही समजलंच नाही का?" त्यावर बाबा म्हणाले, "समजलं ना, सगळं समजलं. पण बोलावं कोणाशी?"

मी तिथेच होते की त्यांच्यासोबत. हातभर अंतरावर.

ते वाक्य मला टोचलं आणि टोचतच राहिलं. पोळ्या लाटताना, बर्डीवरून मेट्रोने घरी येताना, रात्री कूलरची घरघर ऐकत पडलेली असताना. कारण मला ते म्युझियम मनापासून आवडलं होतं, आणि आवडलं होतं ते त्या यंत्रामुळेच, म्हणजे कानात माहिती सांगणाऱ्या ऑडिओ गाइडमुळेच. एरवी आपण संग्रहालयात कसे हिंडतो? अजब बंगल्यात शाळेची सहल जाते तशी, एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर, मधे कोणीतरी ओरडतंय "काचेला हात लावू नका". 1863 सालचं आपलं हे संग्रहालय, लहानपणापासून किती वेळा पाहिलं असेल, पण एकाही वस्तूसमोर सलग पाच मिनिटं उभी राहिल्याचं मला आठवत नाही. तिकडे मात्र एका लाकडी खुर्चीच्या हातासमोर मी कितीतरी वेळ उभी होते.

किंग चार्ल्स स्ट्रीटच्या टोकाला पायऱ्या आहेत. त्या उतरलं की बाजूला वाळूच्या पोत्यांसारखं काहीतरी रचलेलं दिसतं, तेच दार. वरती सरकारी इमारत, खाली जमिनीच्या पोटात या खोल्या. 27 ऑगस्ट 1939 रोजी त्या सुरू झाल्या, ब्रिटनने युद्ध पुकारायच्या आठवडाभर आधी. आणि पायऱ्यांच्या वर, चौथऱ्यावर, तलवारीवर हात ठेवून कोण उभा असावा? प्लासीच्या लढाईवाला रॉबर्ट क्लाइव्ह. त्या पायऱ्यांना नावही त्याचंच. बाबांनी मान वर करून पाटी वाचली आणि भर रस्त्यात म्हणाले, "हा काय करून राहिला इथं?" दादाने हसण्यावारी नेलं. रांग पुढे सरकली. आत गेल्यावर गळ्यात यंत्र अडकवलं, कानाला हेडफोन लावला, आणि मग जे काही ऐकायचं ते आकड्यांच्या हिशेबाने. एक नंबर, दोन नंबर. क्लाइव्ह दाराबाहेर राहिला. त्याला नंबर नव्हता.

आतला उजेड पिवळट. छत खाली, त्यावरून जाड जाड पाइप गेलेले, भिंती जुन्या सरकारी दवाखान्यासारख्या रंगवलेल्या. डोक्यावर काँक्रीटचा जाड थर ओतलेला, बॉम्ब पडला तर आधार म्हणून. त्याहूनही खाली अजून एक मजला होता, तिथे टायपिस्ट मुली आणि बाकी कर्मचारी झोपायचे; वाकून चालावं लागायचं, उंदीर असायचे. दिवसेंदिवस ऊन दिसत नाही म्हणून त्यांना दिव्यासमोर उभं करून कृत्रिम ऊन द्यायचे. हे ऐकताना मला नागपूरच्या मे महिन्यात बसून हसू आलं असतं, तिथे मात्र आलं नाही. बाहेर हवा कशी आहे हे कळावं म्हणून भिंतीवर एक पाटी असायची, आणि वर जोरात बॉम्बफेक चालू असली की कोणीतरी तिथे 'वारा सुटलाय' अशा अर्थाची पाटी लावून ठेवायचं. एवढ्या एका पाटीवरून मला ती सगळी माणसं जवळची वाटायला लागली. संकटात चेष्टा सुचणारी माणसं वाईट असू शकतात, पण ती परकी राहत नाहीत.

कानातला आवाज हे सगळं इतक्या शांतपणे सांगत होता की आपल्याच मनात कोणी बोलतंय असं वाटावं. मधूनच त्या काळी तिथे काम केलेल्या लोकांच्या आठवणी. म्हाताऱ्या झालेल्या बायका आपल्या विशीतल्या रात्रपाळ्यांबद्दल बोलतात. मागे टाइपरायटर, पावलं, दार लागल्याचा आवाज. मंत्रिमंडळाच्या खोलीत चौकोनात मांडलेली टेबलं, मधोमध चर्चिलची खुर्ची. युद्धात मंत्रिमंडळ या खोलीत 115 वेळा बसलं. त्या खुर्चीच्या हातांवर ओरखडे आहेत, लाकडाची पॉलिश पार निघालेली. एका हातावर नखांचे, दुसऱ्यावर अंगठीचे. आवाजाने ते सांगितलं, मग गप्प झाला, आणि मी बटण दाबून त्याला थांबवलंच. जगाला भाषणांतून न डगमगणारा दिसलेला माणूस टेबलाखाली लाकूड खरवडत होता. हे बघायला मला गर्दीतला गाइड नको होता. गाइडने "चला, चला, पुढे" म्हटलं असतं.

तेवढ्यात बाबा दिसेनासे झाले.

सापडले ते नकाशाखोलीच्या काचेपाशी. हेडफोन गळ्यात, यंत्र खिशात कोंबलेलं. आमचे बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. जुन्या एक्स्चेंजमधला तो खटखटाट, एकेका आकड्यासरशी सरकणारे सिलेक्टर, हा त्यांचा तरुणपणाचा आवाज. लहानपणी डबा घेऊन गेले की मला तिथे त्यांच्याशी ओरडून बोलावं लागायचं. आता समोर नकाशाखोलीच्या लांब टेबलावर रंगीबेरंगी फोनची रांग होती. तिथल्या लोकांनी या फोनांना 'ब्युटी कोरस' असं लाडाचं नाव ठेवलेलं. तिन्ही दलांचे अधिकारी चोवीस तास पाळीपाळीने इथे बसत आणि बातमी आली की भिंतीवरचे नकाशे बदलत. बाबा काचेला नाक लावून एका फोनकडे बोट दाखवत होते. शेजारी एक पोरगेलासा गोरा मुलगा उभा, त्यालाही हेडफोन. बाबांनी त्याच्या दंडाला हात लावला. तो दचकला. "धिस वन, ग्रीन, स्क्रॅम्बलर," बाबा म्हणाले, आणि आवाजाच्या लहरी उलट्या करून तारेत सोडायच्या आणि पलीकडे पुन्हा सुलट्या करायच्या, हे त्याला हातवारे करून समजावू लागले. मुलगा भला होता. एका कानावरचा हेडफोन सरकवून त्याने ऐकून घेतलं, थँक्यू म्हणाला, आणि हेडफोन पुन्हा जागेवर बसवून पुढे गेला. बाबा अर्ध्या वाक्यावर राहिले.

त्याच बोळात एक अरुंद दार आहे, त्याला संडासाची कडी. आत कोणी असलं की बाहेर तशी अक्षरं दिसावीत अशी. कर्मचाऱ्यांना वाटायचं, साहेबांचं खासगी शौचालय. प्रत्यक्षात ती वॉशिंग्टनला, थेट अमेरिकन अध्यक्षांना फोन लावायची खोली. इथे फक्त फोन होता. आवाज लपवणारं मूळ यंत्र इतकं अवाढव्य की ते ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या सेल्फ्रिजेस या दुकानाच्या तळघरात बसवलेलं. कपाटांच्या रांगाच रांगा, वजन पन्नासेक टन. बोलण्यावर खरखराटाची चादर पसरायची. तो खरखराट ग्रामोफोनच्या तबकडीवर भरलेला, आणि अगदी तशीच दुसरी तबकडी समुद्रापलीकडे. दोन्ही एकाच क्षणी सुरू करायच्या, म्हणजे पलीकडे खरखर वजा होऊन शब्द तेवढे उरतात. एकदा वाजली की तबकडी नष्ट. यातलं निम्मं मला कानातल्या आवाजाने सांगितलं आणि निम्मं त्या रात्री दादाच्या स्वयंपाकघरात बाबांनी, कपबश्या मांडून. बाबांचं निम्मं जास्त समजलं, पण हेही खरं की यंत्राने आधी कान तयार केला नसता तर मी बाबांचं ऐकायला बसलेच नसते. चाळीस वर्षं ते मला टेलिफोनबद्दल सांगताहेत.

नकाशाखोलीत एका टेबलावर एक लहानसं पाकीट ठेवलंय. युद्ध संपलं, 16 ऑगस्ट 1945 ला इथले दिवे मालवले आणि लोक घरी गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी खण तपासताना हे पाकीट निघालं. आत साखरेचे खडे. हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याने आपल्या वाट्याच्या साखरेतले राखून ठेवलेले. ब्रिटनमध्ये जानेवारी 1940 पासून साखर रेशनवर होती. खड्यांच्या कडा घासून गोल झाल्यात, रंग पिवळसर. एकाचा कोपरा तर कुरतडल्यासारखा दिसतो. भल्या माणसाने अख्खं युद्ध संपेपर्यंत तो खडा पुरवून पुरवून खाल्ला असेल, या कल्पनेने माझ्या घशात आवंढा आला. हेडफोनमधला आवाजही तिथे जरा मऊ झाला होता.

आणि आवंढा गिळता गिळताच मला आजी आठवली. आजीचं माहेर इतवारीतलं. ती त्या काळाला नुसतं 'लढाईत' म्हणायची. लढाईत रॉकेल मिळेना, लढाईत कंट्रोल आलं, लढाईत गुळाचा चहा. सोनेगावला इंग्रजांची विमानं उतरायची ती बघायला पोरं पळायची. तिच्या फडताळातल्या डब्यात भोकाचे पैसे होते. युद्धात तांब्याची चणचण झाली म्हणून 1943 पासून सरकारने पैशाच्या मधलं धातूच काढून घेतलं. नाणं कसलं, कडंच ते. आजी ते दोऱ्यात ओवून ठेवायची. पुढे बाबांनी त्यातले निम्मे वायसर म्हणून नळांना आणि सायकलींना लावून संपवले, यावरून मायलेकांचं कितीदा वाजलेलं मी ऐकलंय. आजीकडे त्या काळातलं रडगाणं नव्हतं. आपल्याकडे पोटाला होतं, असंच ती म्हणायची. "बंगालात नव्हतं," एवढं पुढे जोडायची आणि विषय बदलायची.

त्या खोलीच्या भिंतीवर अटलांटिकचा मोठा नकाशा आहे. जहाजांचा प्रत्येक तांडा कुठवर आला ते टाचणीने दाखवायचे. रोज टाचण्या उपटायच्या, रोज पुढे टोचायच्या. इतक्या वर्षांत कागदाची चाळण झालीय. न्यूयॉर्क-हॅलिफॅक्सकडून लिव्हरपूलकडे येणाऱ्या वाटा भोकाभोकांनी उमटल्यात, काही ठिकाणी समुद्र राहिलाच नाही, नुसती भोकं. यातली कितीतरी जहाजं जर्मन पाणबुड्यांनी बुडवली. आवाज त्याबद्दल बोलत होता आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी ऐकत होते, आणि डोक्यात 1943 हा आकडा घुमत होता. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेल्यावर तिथला तांदूळ बंद झालेला, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून बंगालच्या किनाऱ्यावरच्या नावा सरकारनेच काढून घेतलेल्या, मिदनापूरला वादळाने झोडपलेलं, भाव आभाळाला भिडलेले. लंडनमध्ये भारतमंत्री एमरी मंत्रिमंडळाकडे धान्यासाठी जहाजं मागत होते. ऑक्टोबरात व्हॉइसरॉय झालेले वेव्हेलही मागत राहिले. मिळाली ती मागितल्याच्या मानाने फार थोडी, आणि उशिरा. बंगालात माणसं मेली वीस ते तीस लाख. जहाजं खरंच नव्हती की द्यायची नव्हती, यावर इतिहासकार अजून भांडतात. चर्चिल हिंदुस्थानाविषयी त्या दिवसांत काय बोलायचा हे खुद्द एमरींच्या डायरीत आहे, आणि ते वाचल्यावर जहाजांचा हिशेब नुसत्या हिशेबासारखा वाचता येत नाही.

पण नकाशावर ते कुठे दिसणार? पाठवलेल्या जहाजाची टाचणी टोचली जाते. न पाठवलेल्या जहाजाचं भोक पडत नाही.

मला यंत्राचा राग आला असं म्हणता येणार नाही. त्याचं कामच मुळी 'तुम्ही उभे आहात तिथे काय घडलं' हे सांगायचं. घडलेल्याला वस्तू असते, वस्तूला नंबर असतो. नाही म्हटलेल्या गोष्टीला काय ठेवायचं काचेत? एखादा कागद असेल कुठल्या दप्तरात. आणि तरीही त्या साखरेच्या खड्यांनी मला रडवलं होतं, आणि तो आवंढा मला परत घेता येईना. तो अधिकारी बंगालचा गुन्हेगार थोडाच होता? तो रात्रपाळी करून बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस. दोन्ही गोष्टी एकाच पोटात ठेवायच्या आणि वर दादाने आणलेलं सँडविच खायचं, असा तो दिवस गेला. त्याच लढाईच्या वर्षांत इकडे बेचाळीसच्या चळवळीत चिमूर-आष्टी पेटलं होतं. आणि नागपूरच्या तुरुंगात 1943 च्या जानेवारीत मिसरूड फुटायच्या वयाच्या शंकर महालेला फाशी दिलं. ही वर्षं नागपूरकरांनी कोणत्या खोलीत जाऊन, कानाला काय लावून ऐकायची?

आपल्याकडे युद्ध झालेली जागा नाही असं नाही. बर्डीवर आपण रोज लढाईच्या मैदानातूनच चालतो, फक्त टाचा घासत, पिशव्या सांभाळत. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात, ठराविक राष्ट्रीय सणांनाच लोकांना वर सोडतात. परत आल्यावर पंधरा ऑगस्टला बाबा म्हणाले, चल. पाऊस भुरभुरत होता, चढावर गर्दी ही अशी, पोरांच्या गालावर तिरंगे, कोणाच्या हातात कणसं. वर गेलं की एकदम गार वारा लागतो आणि स्टेशन, मेट्रोचे खांब, टेकडी गणपतीकडची झाडी, सगळं शहर एका नजरेत येतं. 26 नोव्हेंबर 1817 ला संध्याकाळी इथे तोफा सुरू झाल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांचं सैन्य ईस्ट इंडिया कंपनीच्या दहापटीच्या घरात, आणि तरी आपण हरलो. आप्पासाहेबाची गादी गेली, तो निसटला, रानोमाळ हिंडला आणि 1840 मध्ये जोधपूरला परागंदा अवस्थेत मेला.

'आपण' म्हटलं खरं. टेकडी राखली ती मद्रासच्या देशी पलटणींनी, कंपनीच्या कॅप्टन फिट्झजेराल्डच्या मागोमाग घोडे घातले ते बंगालच्या रिसाल्याने. आणि भोसल्यांच्या बाजूने लहान टेकडी जिंकून जिवावर उदार होऊन लढले ते पगारी अरब. म्हणजे नागपूर इंग्रजांना मिळवून दिलं मद्रासी शिपायांनी, आणि नागपूरसाठी मेले अरब. हेडफोन असता तर आवाजाने हे कोणाच्या बाजूने सांगितलं असतं? इथे 1857 मध्ये फाशी दिलेल्यांच्या कबरी आहेत, तिथे लोक चपला काढून हात जोडत होते. त्यातल्या निम्म्या लोकांना कबरी कोणाच्या हे ठाऊक नसावं. मला आधी त्याची चीड आली, मग वाटलं, लंडनमध्ये ठाऊक असलेल्यांपैकी हात तरी कोणी जोडले होते?

बाबांना मात्र जागा सापडली होती. कठड्यापाशी उभं राहून त्यांनी सुरुवात केली ती मला सांगायला, पण आवाज एक्स्चेंजमधला, त्यामुळे थोड्या वेळाने आजूबाजूला दहा-पंधरा माणसं. लहान टेकडी ती तिकडे, मोठी ही, रेसिडेन्सी खाली, इंग्रजांचा रेसिडेंट जेन्किन्स तिथे बसलेला. दारूगोळ्याचा गाडा फुटला, धूर झाला, गोंधळ उडाला आणि इंग्रजांनी टेकडी परत घेतली, असं बाबांनी सांगितलं. तर छत्री घेतलेले एक गृहस्थ पुढे आले. "चुकता आहात तुम्ही साहेब. गाडा फुटला तो इंग्रजांचा, आणि तेव्हाच तर अरबांनी टेकडी घेतली." बाबा म्हणाले, तसं नाही. गृहस्थ म्हणाले, तसंच आहे, मी मास्तर होतो. एका पोराने विचारलं, गाडा म्हणजे बैलगाडी का? त्याच्या आईने त्याला गप्प केलं. मास्तरांनी छत्रीच्या टोकाने ओल्या मातीत टेकडी काढली, बाबांनी चपलेने तिच्यात बदल केला. मागे लोक खोळंबले होते. पहाऱ्यावरचा जवान दोनदा खाकरला आणि शेवटी म्हणाला, "चलिए अंकल, आगे चलिए, पीछे लाइन है." दोघे उताराला लागले, आणि खालच्या फाटकापर्यंत मला ऐकू येत होतं, "पण मला सांगा, आधी फुटला तो गाडा होता कुठं?"